कमरेवरचे १९६६ : बाहुल्यांच्या संग्राहकांनी लिहिलेला इतिहास

घरातल्या माळ्यावर १९९०च्या दशकात घेतलेली एखादी बार्बी पडून असेल, तर ती पालथी करून पाहावी. कमरेच्या मागे बारीक उठावाच्या अक्षरांत मॅटेल कंपनीचे नाव आणि बहुतेक वेळा १९६६ हे साल आढळते. ते वाचून अनेकांना वाटते, आपल्या हाती साठीला टेकलेली दुर्मीळ चीज लागली, आता तिला मोठी किंमत येणार. पण हे साल बाहुलीच्या जन्माचे नसते. कमरेत वळणाऱ्या धडाचा जो साचा कंपनीने त्या काळी तयार केला, त्याच्या स्वामित्वहक्काचे ते साल आहे. तो साचा पुढे कित्येक वर्षे वापरात राहिला आणि साल तसेच उमटत राहिले. डोक्याचा साचा निराळा, म्हणून त्यावरचे सालही निराळे. एखाद्या बाहुलीच्या डोक्यावर १९७६ असते, कमरेवर १९६६ असते आणि ती दुकानात आलेली असते १९९२ मध्ये.

आज कोणत्याही मुरलेल्या संग्राहकाला ही गोष्ट तोंडपाठ असते. पण कोणीतरी शेकडो बाहुल्या शेजारी शेजारी मांडून, खोक्यांवरचे छापील मजकूर आणि जुन्या जाहिराती ताडून पाहून ती शोधून काढली. हे काम मुख्यतः हौशी माणसांनी केले आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. १९७७ मध्ये सिबिल डीवाइन आणि जोन अ‍ॅशाब्रॅनर या दोघी अमेरिकन संग्राहक स्त्रियांनी बार्बी आणि तिच्या वस्तूंचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा बार्बीला बाजारात येऊन अठराच वर्षे झाली होती. इतक्या अलीकडच्या खेळण्याचा कोश कशाला, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. पण त्या अठरा वर्षांतच पहिल्या बाहुल्यांपैकी बहुतेक मोडल्या, हरवल्या किंवा कचऱ्यात गेल्या होत्या.

मोठ्या माणसाने बाहुल्या जमवणे म्हणजे बालपणाला चिकटून बसणे, असे सर्रास मानले जाते. नाणी, तिकिटे, पोथ्या जमवणाऱ्याला जो मान मिळतो तो बाहुल्या जमवणाऱ्या बाईला मिळत नाही. पदवीशिवाय अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या संग्राहकांविषयी आस्था वाटते ती एका कारणाने. ज्या वस्तूंची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांचा इतिहास वस्तूंवरूनच वाचण्याची एक रीत त्यांनी घडवली. ती कशी चालते आणि आज ती कोणत्या अडचणीत आहे, हे या लेखात मांडायचे आहे.

नटवण्यासाठी घडवलेली बाहुली

आधी ‘फॅशन डॉल’ म्हणजे काय ते पाहू. आपली ठकी लाकडाची. तिचे लुगडे लाकडावरच रंगवलेले. दिल्लीत शंकर पिल्लै यांनी १९६५ मध्ये उघडलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयात देशोदेशीच्या वेषांतल्या बाहुल्या आहेत. तिथे वेष हीच बाहुलीची ओळख असते आणि तो कायमचा असतो. पाळण्यातल्या तान्ह्या बाळाची बाहुली आणखी वेगळी, कारण तिच्याशी खेळताना मुलगी आई होते. फॅशन डॉल ही वयात आलेल्या स्त्रीची प्रतिमा असते आणि कपडे बदलण्यासाठीच तिचे शरीर घडवलेले असते. तिच्यात बाहुलीइतकेच महत्त्व तिच्या कपड्यांना असते.

अशा बाहुल्या खेळण्यासाठी नव्हे, तर धंद्यासाठी जन्मल्या. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसमधल्या नव्या तऱ्हेचे कपडे घातलेल्या बाहुल्या युरोपातल्या राजघराण्यांकडे आणि शिंप्यांकडे पाठवल्या जात. त्यांना पँडोरा म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फॅशनची छापील चित्रे देणारी नियतकालिके निघाली आणि या बाहुल्यांचे काम सरले. मुळात पुष्कळ असूनही त्यांतल्या फार थोड्या उरल्या.

त्या काळची बाहुली उरली तर काय मिळते, याचे चांगले उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लॉर्ड आणि लेडी क्लॅपहॅम या नावाने ओळखली जाणारी ही लाकडी जोडी १६९०च्या दशकातली आहे. तिच्या अंगावर आतल्या कपड्यांपासून बाहेरच्या झग्यापर्यंतचे थर आहेत. त्या काळच्या माणसांचे कपडे पुढे उसवले गेले, कापून दुसऱ्या कामी लावले गेले, झिजले. कोणता कपडा कशावर घालत, कुठे बांधत, हे सांगायला ही बाहुल्यांची जोडी शिल्लक राहिली. १९७४ मध्ये ती देशाबाहेर विकली जाण्याच्या बेतात होती, तेव्हा लोकांना आवाहन करून, पैसा उभारून संग्रहालयाने ती राखली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या ह्युरे, झुमो, ब्रू अशा कारखानदारांनी चिनी मातीच्या डोक्याच्या आणि कातडी शरीराच्या स्त्री-बाहुल्या श्रीमंत मुलींसाठी बनवल्या. त्यांच्यासोबत कपड्यांनी भरलेल्या छोट्या पेट्या मिळत. पुढे विसाव्या शतकात गोंडस बाळांच्या बाहुल्यांची चलती झाली आणि ही परंपरा मागे पडली.

ती परत आली जर्मनीतून. ‘बिल्ड’ या वृत्तपत्रात १९५२ पासून राइनहार्ड बॉयटिन यांचे लिली नावाच्या धीट, नखरेल तरुणीचे व्यंगचित्र येत असे. १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली. ती मोठ्यांसाठी होती आणि तंबाखूच्या दुकानांतही मिळे. पुढच्याच वर्षी मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर स्वित्झर्लंडमध्ये सहलीला गेल्या असता त्यांनी ही बाहुली पाहिली आणि विकत घेतली. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांचे कपडे घालून खेळते, हे त्यांनी आधीच हेरले होते. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी मांडली गेली. उंची साडेअकरा इंच, किंमत ३ डॉलर. १९६४ मध्ये मॅटेलने लिलीचे हक्कही विकत घेतले आणि लिलीचे उत्पादन थांबले.

बाहुली वाचावी कशी

संग्राहकांनी बार्बीच्या पहिल्या तीन वर्षांचे जे टप्पे पाडले, ते आजही क्रमांकांनी ओळखले जातात. पहिल्या क्रमांकाच्या बाहुलीच्या तळपायांत भोके असतात आणि त्यांत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात. बाहुली उभी करण्याच्या तबकडीला दोन खुंट्या होत्या, त्या या भोकांत जात. लवकरच ही रचना सोडून काखेखाली आधार देणारी तारेची बैठक आली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पायांतली भोके गेली. या दोन्हींची बुबुळे पांढरी आणि भुवया टोकदार आहेत. १९६०च्या तिसऱ्या क्रमांकात बुबुळे निळी झाली, भुवया गोलाईच्या झाल्या. या तिन्हींच्या अंगाचा रंग काळाच्या ओघात उडून हस्तिदंतासारखा फिका पडला. चौथ्यापासून व्हिनाइलचा मसाला बदलला, म्हणून तिची कांती गव्हाळ राहिली. चौथ्यापर्यंत धड भरीव आणि जड होते. १९६१च्या पाचव्या क्रमांकात ते पोकळ झाले.

हे सगळे बाजारभाव ठरवायला उपयोगी पडते, हे खरेच. पण त्यातून दुसरेही काही कळते. घाईने बाजारात आणलेली एक वस्तू कारखान्यात महिन्यामहिन्याने कशी सुधारली गेली, खर्च कुठे वाचवला, चेहऱ्यातला परदेशी करडेपणा कधी कमी केला, याची ही नोंद आहे. ती कागदावर नव्हती. तळपायांत, भुवयांत आणि वजनात होती.

कपड्यांचे वाचन याहून सूक्ष्म. पहिले कपडे शार्लट जॉन्सन या वेषरचनाकार स्त्रीने आखले. ते जपानमध्ये शिवून घेण्यासाठी ती तिथे जाऊन राहिली. त्या शिवणीतले बरेचसे काम घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांनी केले. वीतभर झग्याला आतून अस्तर, मोहरीएवढी बटणे, खरी उघडमीट होणारी चेन, हाताने घातलेली दुमड. आपल्याकडे ज्यांनी ब्लाउजला हातशिलाई घातली आहे त्यांना कळेल, की तीन बोटे रुंदीच्या कापडावर हे करणे म्हणजे काय. त्या बायकांपैकी कोणाचेही नाव झग्यावर नाही. नाव आहे ते कापडी चिठ्ठीवर आणि ते बार्बीचे. याच चिठ्ठीवरून संग्राहक कपड्याचा काळ सांगतात : आरंभीच्या चिठ्ठ्यांवर ‘टीएम’ ही खूण असते, नंतरच्यांवर वर्तुळातले ‘आर’.

१९५९च्या ‘रोमन हॉलिडे’ या पोशाखासोबत पावडरची एक चिमुकली डबी होती. मुलींच्या हातून ती सगळ्यांत आधी हरवली. आज संपूर्ण पोशाखात तिच्याइतकी दुर्मीळ वस्तू नाही. संग्राहकांच्या जगात दुर्मीळपणा असा ठरतो. मूळ किंमत किती होती याला तिथे महत्त्व नसते, खेळताना काय टिकणे अवघड होते याला असते.

जपलेले दुर्मीळ होत नाही

१९६७ मध्ये मॅटेलने कमरेत वळणारी नवी बार्बी आणली आणि एक योजना काढली : जुनी बार्बी आणि दीड डॉलर द्या, नवी घेऊन जा. आपण हल्ली जुना मिक्सर देऊन नवा आणतो, तसाच हा प्रकार. मुलींनी उंच बांधलेल्या वेणीच्या, तिरप्या नजरेच्या जुन्या बाहुल्या आनंदाने दुकानदाराच्या हवाली केल्या. आज संग्राहक ज्यांच्या मागे असतात त्या याच.

याच्या उलटे पुढे घडले. १९८८ मध्ये कंपनीने नाताळनिमित्त सजवलेली खास बार्बी काढली. ती हां हां म्हणता संपली आणि तिचे भाव चढले. मग दर वर्षी अशी बाहुली निघू लागली. १९९०च्या दशकात असंख्य लोकांनी मुलांच्या शिक्षणाची किंवा म्हातारपणाची पुंजी म्हणून त्या बंद खोक्यांत जपून ठेवल्या. पुढे त्या विकायला काढल्या तेव्हा सगळ्यांकडेच त्या होत्या, सगळ्यांच्याच कोऱ्या होत्या. जी वस्तू सगळे जपतात ती दुर्मीळ होत नाही, हा साधा हिशेब तेव्हा फार घरांना महागात पडला.

तेव्हापासून संग्राहकांत दोन पंथ ठळक दिसतात. एकाला खोके कधीच न उघडलेली बाहुली हवी असते. दुसरा खोके उघडतो, कपडे उलटे करून शिवण पाहतो, केस धुतो, हात-पाय बसवतो. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या बेटिना डॉर्फमन या दुसऱ्या वळणाच्या. २०११ मध्ये १५,००० बार्बींचा त्यांचा संग्रह जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनीज बुकात नोंदवला गेला. त्या मोडक्या बाहुल्या दुरुस्तही करतात. बाहुली दुरुस्त करणाऱ्याला तिचे शरीर आतून कळते. आजवरचे बहुतेक ज्ञान या उघडणाऱ्यांच्या हातून आले आहे, आणि बंद खोक्यांनी ते ताडून पाहायला मदत केली आहे. एकाला दुसऱ्यावाचून चालत नाही.

प्लास्टिकही मरते

प्लास्टिक कधी नष्ट होत नाही, हे वाक्य आपण पर्यावरणाच्या संदर्भात रोज ऐकतो. संग्राहकाचा अनुभव उलटा आहे. मातीत हजारो वर्षे उपद्रव देणारे प्लास्टिक कपाटात पन्नास वर्षे नीट राहत नाही.

जुन्या बार्बीच्या कानांत धातूच्या काडीचे मोत्याचे डूल असत. त्यातल्या तांब्याला गंज चढतो आणि तो व्हिनाइलमध्ये उतरून कान, मग गाल हिरवा होतो. याला संग्राहक ‘हिरवा कान’ म्हणतात. मुरुमांवर लावायचे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम त्यावर चोळून डाग उडवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. पण ते मलम रंग उडवते, आणि डागासोबत आसपासची कांतीही पांढरी पडू शकते. डूल आधीच काढून शेजारी ठेवणे हा खरा उपाय.

दुसरे दुखणे चिकटपणाचे. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. हे द्रव्य वर्षांनुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येते, पाय चिकट होतात, त्यांवर धूळ बसते, आणि आतले प्लास्टिक कडक होऊन आक्रसू लागते. असे व्हिनाइल दुसऱ्या प्लास्टिकला टेकून ठेवले तर ते द्रव्य त्यातही शिरते आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. गडद रंगाचा कपडा अंगावर वर्षांनुवर्षे राहिला तर त्याचा रंग व्हिनाइलमध्ये उतरतो. न उघडलेल्या खोक्यातही सुटका नाही : बाहुली जागेवर राहावी म्हणून घातलेले रबर तिथेच कुजते आणि मनगटावर वळ उठवते.

ऊन, उष्णता आणि दमट हवा या तिन्हींनी हे सगळे वेगाने होते. मुंबई, कोकण, गोवा इथे संग्रह करणाऱ्याने काळोखी, थंड, कोरडी जागा शोधावी. बाहुली न रंगवलेल्या सुती कापडात सैल गुंडाळावी. पावसाळा संपला की एकदा सगळ्या बाहेर काढून तपासाव्यात. घरातल्या रेशमी वस्त्रांना आपण जे करतो तेच. एवढे करूनही ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. म्हणून संग्राहकाचे छायाचित्र, माप आणि टिपण यांना वस्तूइतकेच मोल आहे. वस्तू गेल्यावर तेवढेच राहणार आहे.

आपल्याकडची पाने

बार्बी भारतात बनू लागली ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, लिओ मॅटेल या नावाने. साडी नेसलेली, कुंकू लावलेली बार्बी त्या खोक्यांतून घरोघर आली. इंदरपाल ग्रेवाल यांनी १९९९ मध्ये या बार्बीवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला आणि जागतिक बाजार भारतीय ग्राहक कसा घडवतो, हे त्यात तपासले. परदेशी संग्राहक भारतात बनलेल्या या बाहुल्या आवर्जून शोधतात, कारण एकाच साच्याला निरनिराळ्या देशांत वेगळे रंग, वेगळे कापड, वेगळे हात लागलेले असतात.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही कोशात येणार नाही. कंपनीचे सुटे कपडे महाग, म्हणून आईने, आजीने किंवा मावशीने उरलेल्या खणाचे परकर-पोलके शिवून बार्बीला घातले. स्वेटरच्या उरलेल्या लोकरीची टोपी विणली. बाहुला-बाहुलीच्या लग्नासाठी चिंध्यांचे कपडे शिवण्याची सवय हातांना होतीच. फक्त शरीर बदलले होते. ती छाती, ती कंबर पोलक्याच्या जुन्या बेतात बसेना, म्हणून टक्स घालावे लागले. बाजारात अशा कपड्याला किंमत नाही आणि संग्राहकही पुष्कळदा तो काढून टाकून ‘मूळ’ पोशाख चढवतात. मला ही मोठी हानी वाटते. जपानी कारागीर बाईचे नाव आपल्याला मिळणे आता अवघड आहे. या पोलक्यावरचे नाव मात्र अजून घरातल्या कोणाला तरी आठवते.

पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास घरगुती वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वज्री, बाहुल्या. तेव्हाच्या लोकांना भंगार वाटाव्यात अशा. १९६२ मध्ये त्यांनी तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज तो पाहायला जगभरातून लोक येतात, कारण तो एकत्र राहिला. सगळ्या संग्रहांच्या वाट्याला हे येत नाही. नेदरलँड्समधल्या एका मायलेकींचा सुमारे ४,००० बार्बींचा संग्रह २००६ मध्ये लंडनला क्रिस्टीज या संस्थेने लिलावात काढला. त्यातल्या १९६५च्या एका बाहुलीला ९,००० पौंड मिळाले. किंमत उत्तम आली, पण लिलावात बाहुल्या सुट्या होतात. कोणती कोणाशेजारी होती, कुठून आली, का घेतली, हे ज्ञान विकत घेणाऱ्याच्या पिशवीत जात नाही.

पहिली बार्बी हातात घेतलेल्या मुली आज सत्तरीत आहेत आणि व्हिनाइलही म्हातारे झाले आहे. संग्रह पुढच्या पिढीला नकोसा असतो, हे बहुतेक संग्राहक जाणून असतात. म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरात जुनी बाहुली असेल तर ती विकण्याआधी किंवा कोणाला देण्याआधी एका कागदावर पेन्सिलीने लिहावे : कोणी घेतली, कोणत्या गावात, कोणत्या साली, कोण खेळले, अंगावरचा कपडा कोणी शिवला. घरातले म्हातारे माणूस असेपर्यंत त्यांना विचारून घ्यावे. चिठ्ठी बाहुलीला चिकटवू नये, टाचणीने टोचू नये. पेटीत शेजारी ठेवावी. कमरेवर छापलेले साल साच्याचे आहे. बाकीची माहिती आपण लिहिली तरच उरेल.